श्राद्धाच्या पानातलं सॅलड

"काय म्हणालात? परत सांगा," बाबा फोनवर म्हणाले. पलीकडचं ऐकून घेतलं आणि फोनवर हात दाबून माझ्याकडे वळले. चेहरा असा झाला होता की मला वाटलं, कुणी गेलं.

"श्राद्धाला सॅलड करा म्हणतोय," ते म्हणाले. "पुण्याचा यजमान. सॅलड!"

आम्ही दुर्गाघाटाच्या गल्लीत राहतो. बाबा श्राद्धाचा स्वयंपाक करतात, आजोबाही तोच करायचे. महाराष्ट्रातून लोक काशीला येतात, घाटावरचे विधी उरकतात, आणि ब्राह्मणांची पानं आमच्या खालच्या मजल्यावर मांडली जातात. खीर, उडदाचे वडे, आमसुलाची चटणी, लाल भोपळ्याची भाजी. पिढ्यान् पिढ्या तेच पान, वाढण्याची जागासुद्धा तीच. त्या पानात सॅलड हा शब्द याआधी कुणी आणला नसेल.

आणला असता तर मीच. कॉलेजात गेलेली मी आमच्या घरातली पहिली. आहारशास्त्रात पदवी घेतली, आणि हे मी कुणी न विचारता सांगते. पदवी घेतानाचा फोटो बैठकीत खिळा ठोकून मीच लावला. नोकरी शोधत फिरले नाही. गच्चीवरच्या खोलीत ओव्हन ठेवला आणि सॅलडचे डबे सुरू केले. काकडी-टोमॅटोची कोशिंबीर नव्हे, पोट भरणारं सॅलड. शिजवलेले जव किंवा दलिया, त्यात भाजलेलं बीट, गाजर, रताळं, वर हिरवा पाला, आणि लसूण-लिंबाचं तेल. हॉस्टेलच्या मुली घेतात, बँकेतले बदलीवर आलेले मराठी लोक घेतात, घाटावर योग शिकायला येणारे परदेशी तर भांडी चाटून परत देतात.

बाबांनी मात्र त्यातला घास कधी तोंडात घातला नव्हता. मी डबे घेऊन जिना उतरले की विचारायचे, "आज कुठल्या गोठ्यात चाललाय चारा?" आणि खालच्या स्वयंपाकघराचा उंबरा मला बंद होता. ते सोवळ्याचं, आणि माझे हात दिवसभर लसणात. त्यावर वाद घालून काही उपयोग नव्हता. मी घालून पाहिला होता.

तर त्या दिवशी मी बाबांच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "दादा, मी मुलगी बोलतेय. सॅलड म्हणजे नेमकं कसलं?"

पलीकडचा माणूस नीट बोलणारा होता, माझ्यापेक्षा दहा-पंधरा वर्षांनी मोठा असावा. वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. वडिलांना मधुमेह निघाला तेव्हापासून हाच रोज संध्याकाळी ऑफिसातून येऊन त्यांच्यासाठी सॅलड करायचा. जव शिजवायचा, कंदमुळं भाजायचा. "बाबा रोज छान झालंय म्हणायचे," तो म्हणाला. "शेवटच्या दिवशी मला यायला उशीर झाला. आलो तोवर ते झोपेतच गेले होते. सॅलड त्या दिवशी झालंच नाही हो. उपाशी गेले. तेवढं एकदा त्यांच्या पानात पडलं पाहिजे, बाकी तुम्ही म्हणाल तसं."

विचारून कळवते म्हणाले. फोन ठेवला आणि बाबांना सगळं सांगितलं. बाबा ओट्यावर हात टेकून उभे राहिले.

"गाजर चालत नाही," ते म्हणाले. "बीट तर नाहीच. लसूण बोलूच नकोस."

"सुरण?"

"सुरण चालतो आपल्याकडे."

"रताळं, अरबीचे कंद?"

"चालतं."

"जव तर पिंडालाच लागतात, बाबा. तीळ, मध, आमसूल, आलं, सगळं तुमच्याच फळीवर आहे. मग अडतंय कुठे?"

बाबांनी मान वर करून फळीकडे पाहिलं. त्यांच्या फळीवरच्या डब्यांतून अख्खं सॅलड निघतं, याचा धक्का त्यांना फोनपेक्षा मोठा बसला असावा. शेवटी म्हणाले, "गच्चीवर कर. पण तुझ्या त्या डब्यात नाही." डबा म्हणजे ओव्हन. "त्याला लसणाचा वास आहे. अहरा लाव. अंघोळ करून, धुतलेलं नेसून. आणि चव घ्यायची नाही."

"चव घ्यायची नाही म्हणजे?"

"आधी पितर, मग तू. उष्टं वाढायचंय का त्यांना?"

हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण माझ्या स्वतःच्या पदार्थाला लागू होईल असं कधी डोक्यात आलं नव्हतं. कॉलेजात आम्हाला सगळ्यात आधी शिकवलं होतं ते चमचा उचलून चाखायला. आंबट कमी, मीठ जास्त, हे जिभेशिवाय कळणार कसं? मी तावातावाने विचारलं, तर बाबा म्हणाले, "मी तीस वर्षं वासावर करतोय."

वर्षश्राद्धाच्या सकाळी मी गच्चीवर अहरा लावला. आमच्या बनारसात बाटी भाजायला शेणाच्या गोवऱ्यांचा जो विस्तव करतात, तो अहरा. सुरणाचे जाड तुकडे, रताळी आणि अरबी, म्हणजे अळकुड्या, पळसाच्या पानांत गुंडाळून त्यात पुरली. रताळी लवकर होतात, सुरण दमवतो. कच्चा राहिला तर घशात खाजतो, आणि मला तर चाखताही येणार नव्हतं. सळई घालून घालून बघत होते. जव रात्रीच भिजवले होते, ते पितळेच्या पातेल्यात मोकळे शिजवले. चौराईची कोवळी पानं, देशावरचे लोक तिला माठ म्हणतात, ती गरम जवांवर टाकून नुसती मऊ केली. आमसुलाच्या पाण्यात मध, किसलेलं आलं, सैंधव, मिरे. त्यात तीळ भाजून घातले. मग सगळं एकत्र केलं आणि नाक पातेल्यात घालून वास घेतला. वास तर चांगला होता. हातावर एक जव चिकटला होता, तो मी चाटणार होते, हात तोंडाशी गेलासुद्धा. झटकला.

पातेलं घेऊन खाली गेले आणि उंबऱ्याबाहेरच ठेवलं. बाबांनी आत ओढून घेतलं, वाकून पाहिलं. काही बोलले नाहीत. चारा हा शब्दही नाही. मला तेवढंही पुष्कळ झालं.

यजमान घाटावरचे विधी करून गुरुजींबरोबर आले. ओलं धोतर, डोळे लाल. बरोबर त्यांची आई होती, बारीक बांध्याची, खणखणीत आवाजाची बाई. घाटाच्या पायऱ्या चढून दमली होती, म्हणून मी तिला भिंतीशी खुर्ची दिली. "बस गं तूही, किती उभी राहशील," असं मलाच म्हणाली.

पानं दोन मांडली होती. एक देवांच्या जागी, एक पितरांच्या जागी. पितरांच्या जागी शेजारच्या दूधविनायक मोहल्ल्यातले आजोबा बसले होते. खरे माझे कुणी नव्हेत, पण गल्लीतली सगळी पोरं त्यांना आजोबाच म्हणतात. यजमानांचे वडील आता ते होते. त्या जागेवर बसलेल्या ब्राह्मणाला यजमान वडील समजूनच जेवू घालतो. आणि जेवणाऱ्याने जेवताना बोलायचं नाही. पदार्थ चांगला झाला म्हणायचं नाही, वाईट तर नाहीच. हवं असेल तर बोट, नको असेल तर पंजा.

बाबांनी वाढलं. शेवटी माझं सॅलड. पत्रावळीवर त्याला जागाच ठरलेली नव्हती, तेव्हा बाबा क्षणभर थांबले आणि मग भोपळ्याच्या शेजारी ठेवलं. मला काय वाटलं ते मी सांगत नाही. गुरुजींनी मंत्र म्हटले, यजमानांनी पानावर पाणी सोडलं. पाणी सोडलं की ते अन्न पितरांचं झालं, मग पानातून काही काढता येत नाही. आजोबांनी पहिला घास सॅलडचाच घेतला.

तेवढ्यात यजमानांच्या आईंचं लक्ष पानाकडे गेलं.

"अगं बाई! हे काय वाढलंय?"

यजमान वळले. "आई, बाबांचं सॅलड. मी खास करायला सांगितलं."

"तू?" आई खुर्चीतून उठल्याच. "अरे, जिवंतपणी पाच वर्षं खाल्लं ना त्यांनी! आता मेल्यावरसुद्धा सोडणार नाहीस का?"

आजोबांचा घास तोंडातच राहिला. गुरुजींच्या हातातली पळी ताम्हनात वाजली. मी दाराच्या चौकटीला धरलं होतं, तशीच धरून राहिले.

"पण बाबांना आवडायचं," यजमान म्हणाले.

"आवडायचं? गिळायचे रे ते! तू पाठ फिरवलीस की मला विचारायचे, बघ गं, आज वैरण कुठल्या शेतातली आहे."

वाढून आत गेलेले बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. श्राद्धाच्या दिवशी, सोवळ्यात, माझा बाप हसत होता! मला इतका राग आला की कान तापले. पुण्यात कुणी मेलेला माणूस आणि इथे माझा जिवंत बाप, दोघांनी माझ्या विद्येला एकच नाव ठेवलं होतं, आणि एकमेकांना विचारून नव्हे.

पण यजमानांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माझा राग कुठे गेला कळलं नाही. तो माणूस तिथल्या तिथे लहान झाला होता.

"मला का नाही सांगितलं?" तो म्हणाला. "एकदा तरी. मी दुसरं काही केलं असतं."

"मी म्हटलं होतं त्यांना. तर म्हणाले, पोरगं दमून येतं आणि माझ्यासाठी चिरत बसतं. त्याला एक अक्षर बोलायचं नाही. छान म्हणायचं आणि खायचं."

गुरुजी खाकरले. "यजमान, पान थांबलंय."

"मग काय आवडायचं त्यांना?" यजमानांनी आईला विचारलं. हा प्रश्न त्याने वडिलांना कधी विचारला नसावा, असा त्याचा आवाज होता.

"सुरणाचे काप. पिठी लावून, तुपात, कुरकुरीत. डॉक्टरनं बंद केले ना." आईंनी पदराने नाक पुसलं. "आता कसली साखर वाढायचीय त्यांची!"

आतून बाबांचा आवाज आला. "पानातलं काढता येत नाही, पण वाढता येतं." मग माझ्याकडे बघून, "घरात कच्चा सुरण आहे?"

"नाही. सगळा माझ्या पातेल्यात गेला."

"मग निवड त्यातला. आत ये."

मी उंबऱ्याशीच उभी. "बाबा, माझे हात..."

"आज सोवळ्यातच आहेस ना? मग ये की! ते काय तिथे बसून राहणारेत?"

मी आत गेले. घरातल्या त्या खोलीत मी कळती झाल्यावर पहिल्यांदा पाऊल टाकलं, आणि कशासाठी, तर माझ्याच सॅलडमधून सुरण वेचायला. एकेक तुकडा उचलत होते, त्याला चिकटलेले जव आणि तीळ पुसत होते. चौराईची पानं सोडवत होते. बाबांनी तांदळाची पिठी काढली, कढईत तूप घातलं.

"हे काप नाहीत, फोडी आहेत," मी म्हणाले.

"चपट्या कर. तळहाताने दाब. भाजलेला आहे, दबेल."

दाबल्यावर त्या खरंच दबल्या. पिठीत घोळल्या, तुपात सोडल्या. इतक्या निगुतीने विस्तवात भाजलेला सुरण, तेल कमी लागावं म्हणून भाजलेला, माझ्या डोळ्यांदेखत तुपात पोहत होता. कॉलेजातल्या माझ्या बाईंनी पाहिलं असतं तर काय म्हणाल्या असत्या, हे मनात आलं आणि मीही भिंतीकडे तोंड केलं. बाबांनी कोपराने ढोसलं. "झाऱ्यावर लक्ष ठेव. लाल व्हायला लागले की काढ. मी खीर वाढून येतो."

काप यजमानांनी स्वतःच्या हाताने वाढले. आजोबांनी एक उचलला आणि चावला. तो कुरकुरीत आवाज त्या गप्प खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. आईंनी डोळे मिटले.

आजोबा शांतपणे जेवत राहिले. पान संपत आलं. सॅलडही संपलं, पानात टाकायचं नाही म्हणून असेल. चांगलं झालं होतं की नाही हे मला कळायला मार्ग नव्हता. मी चाखलं नव्हतं आणि ते बोलणार नव्हते.

मग तो प्रश्न आला. जेवण झालं की यजमानाने पितरांच्या जागेवरच्या ब्राह्मणाला विचारायचं असतं, तृप्त झालात का. त्याने म्हणायचं, तृप्त झालो. दुसरं उत्तर नसतंच. मी तो प्रश्न आणि ते उत्तर एवढ्या वेळा ऐकलंय की आमच्या घरात ते चहा झाला का इतकं सवयीचं.

"विचारा," गुरुजी म्हणाले.

यजमान हात जोडून बसले होते. बोललेच नाहीत.

"यजमान, विचारा. म्हणा माझ्या मागून."

"काय विचारू?" तो म्हणाला. "हे हो म्हणणारच. बाबाही रोज हो म्हणायचे." आणि मग जे इतका वेळ दाबलं होतं ते बाहेर आलं. "उपाशी गेले ते, गुरुजी. माझी वाट बघत उपाशी गेले. आणि मी आता त्यांना विचारू, पोट भरलं का?"

मी झारा घेऊन तशीच दारात आले होते.

"कोण उपाशी?" आई म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता. "उपाशी नाही गेले ते."

यजमानांनी मान वर केली.

"तुझा फोन आला ना त्या दिवशी, उशीर होईल म्हणून. तेव्हा मला म्हणाले, आज सुट्टी दिसतेय, तळतेस का चार काप? मी तळले. चार कसले, सगळा सुरण संपवला. वरून दोन घास दहीभात. मग म्हणाले, पडतो जरा." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "तुला सांगणार होते रे. पण मला वाटलं, माझ्या त्या कापांनीच तर... वर्षभर तेच मनात येतंय. म्हणून नाही बोलले."

मला शिकल्यासवरल्या बाईला त्या क्षणी काहीतरी बोलायला हवं होतं. एका संध्याकाळच्या चार कापांनी कुणी जात नाही, एवढं तर मी पुस्तकात वाचलंच आहे. ते मी आईंना नंतर, त्यांचे हात हातात घेऊन सांगितलं. पण तेव्हा यजमानच उठले, आईसमोर जमिनीवर बसले आणि लहान मूल खात्री करून घेतं तसं विचारलं, "पोटभर खाल्लं?"

"ढेकर दिली होती," आई म्हणाल्या.

तो हसला की रडला, मला नीट सांगता येत नाही. दोन्ही एकाच वेळी होतं. मग परत आपल्या पाटावर येऊन बसला, हात जोडले, आणि गुरुजींची वाट न बघता, संस्कृतात नाही, आपल्या साध्या मराठीत विचारलं, "बाबा, झालं का पोट भरून?"

आजोबांनी उत्तर द्यायचं होतं. ठरलेलं, एक शब्दाचं. गुरुजींनी पुढचा मंत्र ओठांवर आणूनही ठेवला होता.

आजोबांनी पानाकडे पाहिलं. काप होते ती जागा तुपाने चकाकत होती. त्यांनी त्या जागेवर बोट टेकवलं आणि तेच बोट वर केलं. अजून एक.

गुरुजी बघतच राहिले. बाबांच्या हातातलं खिरीचं भांडं कललं. आमच्या खालच्या मजल्यावर त्या प्रश्नाला असं उत्तर कुणी कधी दिलं नसेल.

यजमान धोतर सावरत धावतच उंबऱ्याशी आले. "अजून एक हवाय त्यांना," मला म्हणाले. "आहे ना?"

"आहे," मी म्हणाले, आणि पातेल्यात हात घालून जवांच्या तळाशी उरलेला सुरण शोधायला लागले.